वात, दाब आणि वेळ : रोपलाइट मंद करण्याची गोष्ट

रोषणाई वाढवण्याचे उपाय बाजारात हवे तितके मिळतात. ती कमी करण्याचा उपाय मागायला गेले, की दुकानदार पंख्याचा रेग्युलेटर पुढे करतो. गेल्या तीन-चार वर्षांत तळोजा, खारघर आणि मुंबईच्या लोहार चाळीतल्या अनेक दुकानांत मी एकच प्रश्न विचारला : घरातला रोपलाइट मंद करायचा असेल तर काय लावावे? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, "फॅनचा रेग्युलेटर लावा ना दादा, होतं काम." काही वेळा काम होतेही. पण ते कोणत्या रोपलाइटवर होते, कोणत्यावर होत नाही आणि कोणत्यावर झाल्यासारखे दिसून आतून काहीतरी तापत राहते, हे सांगणारे कोणी भेटले नाही. मी विजेचा पदवीधर नाही. मल्टिमीटर, काही जुन्या माळा आणि वाचन एवढ्या भांडवलावर जे उलगडत गेले, ते इथे मांडतो.

मुळात उजेड कमी कशाला करायचा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या तळोज्यात घरोघरी आहे. सिडकोच्या २०१८ च्या सोडतीतली घरे २५.८१ आणि २९.८२ चौरस मीटरची. अशा घराची बैठकीची खोली २० वॅटच्या एका एलईडी ट्यूबलाइटने नीट उजळते. तिथे हौसेने छताच्या चारी कडांना दहा मीटर रोपलाइट लावला, आणि तो मीटरला ८ वॅटचा असला, तर झाले ८० वॅट. चार ट्यूबलाइटइतकी वीज एका लहान खोलीत उजेड ओतू लागते. त्याच खोलीत रात्री म्हातारी माणसे झोपतात, मुले अभ्यासाला बसतात. आमच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून तिला झगझगीत उजेड सोसत नाही, पण दिवाळीत घर अंधारात ठेवणेही तिला पटत नाही. समईसारखा उजेड हवा, असे तिचे म्हणणे. समोरासमोरच्या इमारतींत अंतर इतके कमी, की एकाच्या बाल्कनीतली माळ दुसऱ्याच्या उशीवर लुकलुकते. अशा वस्तीत मंद उजेड ही चैन राहत नाही, शेजारधर्माचा भाग होतो.

उजेड मंद करणे ही माणसाची जुनीच गरज. समईत पाचऐवजी एक वात लावली की उजेड कमी. कंदिलाची चावी फिरवून वात खाली घेतली की ज्योत बारीक. या साऱ्यात एकच तत्त्व होते : जळण कमी पोचवा, उजेड कमी होईल. रात्रभर दिवा तेवत ठेवायचा असला की आजी वात खाली घेऊन मगच आडवी होत असे, हे माझ्या वयाच्या अनेकांना आठवत असेल.

विजेचा दिवा मुंबईत आला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने बाजार आणि आसपासचे काही रस्ते उजळले. पण वर्षभरात कंपनीचे दिवाळे वाजले आणि बाजार पुन्हा गॅसच्या दिव्यांवर गेला. आज त्याच बाजारापासून हाकेच्या अंतरावर लोहार चाळ आहे, आणि दिवाळीआधी तिथे दिव्यांच्या माळांनी गल्ल्या भरून जातात. आमच्याकडून जायचे तर पेंधरहून मेट्रोने बेलापूर आणि तिथून हार्बरची लोकल. पेंधरची मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला.

विजेच्या दिव्याला चावी नव्हती. तो मंद करण्याची निकड पहिल्यांदा रंगभूमीला लागली. जुन्या नाट्यगृहांत त्यासाठी दिव्याच्या वाटेत रोधाची तार घालत. काही ठिकाणी मिठाच्या पाण्याचे भांडेच ठेवत. त्यात धातूच्या दोन पट्ट्या बुडवायच्या. पट्ट्या जवळ आणल्या की दिवा प्रखर, लांब नेल्या की मंद. दिव्याला मिळणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी व्हायचे आणि उरलेली वीज तारेत किंवा पाण्यात उष्णता होऊन वाया जायची. आपल्याकडे पंख्याचे जुने, मोठे, काळे रेग्युलेटर याच तत्त्वाचे. हात लावला की ते कोमट लागत. ती उष्णता म्हणजे पंख्यापर्यंत न पोचलेली वीज.

१९५९ साली न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पायरा या संशोधकाने वेगळी युक्ती काढली आणि १९६१ मध्ये त्यावर कंपनीही उभी केली. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, म्हणजे तिच्या १०० लाटा येतात असे धरू. प्रत्येक लाटेचा काही भाग इलेक्ट्रॉनिक कळीने कापून टाकायचा आणि उरलेला दिव्याला द्यायचा. वीज वाया जात नाही, डबी लहान होते, भिंतीतल्या खोक्यात मावते. आजचे भिंतीवरचे फिरत्या बटणाचे डिमर बहुतांशी याच वंशाचे.

म्हणजे मंद करण्याच्या तीन रीती झाल्या : वात कमी करणे, दाब कमी करणे आणि वेळ कमी करणे. रोपलाइटच्या बाबतीत घोटाळा होतो तो इथेच. एका रीतीसाठी बनलेले साधन दुसऱ्या रीतीने चालणाऱ्या दिव्याला लावले जाते.

रोपलाइटच्या पोटात काय असते

बाजारात रोपलाइट या एका नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली जुन्या पद्धतीची : पारदर्शक पीव्हीसी नळीत ओळीने बसवलेले तारेचे चिमुकले बल्ब. दुसरी २३० व्होल्टवर थेट चालणारी एलईडीची दोरी. तिच्या प्लगजवळ काडेपेटीएवढी किंवा त्याहून लहान डबी असते. तिसरी १२ किंवा २४ व्होल्टची पट्टी किंवा दोरी, जिच्यासोबत वेगळा अडॅप्टर येतो आणि त्यावर आउटपुटचे व्होल्ट छापलेले असतात. मंद करायला निघण्याआधी आपल्या हातात यांपैकी काय आहे, हे ओळखणे ही पहिली पायरी.

बल्बची दोरी सर्वांत आज्ञाधारक. तारेच्या बल्बचा उजेड दाबाबरोबर झपाट्याने उतरतो. दाब दहा टक्क्यांनी कमी केला तर उजेड सुमारे ७० टक्के उरतो. निम्मा केला तर जेमतेम दहावा हिस्सा. उतरताना तार लालसर होते आणि उजेड समईसारखा उबदार दिसतो. साधा दिव्यांचा डिमर तिच्यावर व्यवस्थित चालतो, फक्त एकूण वॅट डिमरच्या क्षमतेत बसले पाहिजेत. मीटरला १६ वॅटची दहा मीटर दोरी असेल तर १६० वॅट. चारशे वॅटच्या डिमरला ते सहज पेलते. पण अशी दोरी आता क्वचित मिळते, आणि तापतेही बरीच.

एलईडीचा स्वभाव निराळा. तो दाबाचे ऐकत नाही, प्रवाहाचे ऐकतो. एका पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात. तेवढे मिळेपर्यंत तो जवळजवळ अंधारात असतो, आणि मिळाल्यावर थोडा जरी दाब वाढला तरी प्रवाह झपाट्याने वाढतो. थेट २३० व्होल्टच्या दोरीत हे एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. समजा एका तुकड्यात ६० आहेत. म्हणजे तो तुकडा पेटायला १८० व्होल्ट हवेत. आपली २३० व्होल्टची वीज लाटेच्या माथ्यावर ३२५ व्होल्टपर्यंत चढते. तेव्हा १८० वजा जाता उरलेले १४५ व्होल्ट दोरीतल्या रोधांवर पडतात आणि त्यावरून प्रवाह ठरतो.

आता दाब २३० वरून १८० वर आणला, म्हणजे सुमारे बावीस टक्के घट. माथा होतो २५४. उरतात ७४ व्होल्ट. म्हणजे माथ्याचा प्रवाह निम्मा. आणखी खाली १२७ वर आणला की माथाच १८० होतो आणि दोरी विझते. उलट, रात्री लाइनचा दाब २५० वर गेला, तर माथा ३५४ आणि उरतात १७४. दाब नऊ टक्क्यांनी वाढला, प्रवाह वीस टक्क्यांनी. स्वस्त दोऱ्या काही दिवाळ्यांतच का काळवंडतात, याचे एक कारण या हिशेबात आहे.

याच हिशेबाने एक जुनी सूचनाही निकालात निघते. दोन बल्ब एकामागे एक जोडले की दोन्ही मंद जळतात, हे आपण शाळेत शिकलो. तोच प्रयोग या दोऱ्यांवर केला तर १८० अधिक १८० म्हणजे ३६० व्होल्ट हवेत आणि माथा ३२५ चाच. दोन्ही अंधारात. वाटेत एक डायोड घालून निम्म्या लाटा अडवण्याची युक्तीही काही वायरमन सांगतात. उजेड निम्मा होतो खरा, पण सेकंदाला १०० ऐवजी ५० वेळा लुकलुक होऊ लागते आणि ती अनेकांच्या डोळ्यांना जाणवते. मंद उजेड मागणाऱ्या माणसाला लुकलुक देणे म्हणजे दुखणे बदलून देणे.

पंख्याचा रेग्युलेटर इथे का बसत नाही

आजचे पायऱ्यांचे रेग्युलेटर बहुधा आत कपॅसिटर बसवलेले असतात आणि ते पंख्याच्या मोटरसाठी मोजूनमापून घातलेले असतात. एलईडीच्या दोरीपुढे तेच कपॅसिटर निराळे वागतात. २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्टवर सुमारे ०.१६ अँपिअर प्रवाह जाऊ देतो. पाच मीटर दोरीला, मीटरला ८ वॅट धरले, तर लागतात ०.१७ अँपिअर. म्हणजे त्या पायरीवर फरक नावालाच. दुसरी गोष्ट अधिक वाईट. बटण बंद केले तेव्हा कपॅसिटरवर भार राहिला आणि नेमक्या उलट्या माथ्यावर ते पुन्हा चालू झाले, तर क्षणभर दोरीवर ३२५ च्या दुप्पट, म्हणजे ६५० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. रेग्युलेटरमध्ये हा भार जिरवणारा रोध असतो, पण तो शाबूत असेलच याची खात्री बाहेरून पटत नाही.

मग भिंतीवरचा दिव्यांचा डिमर? तो लाट कापतो, पण त्यातली इलेक्ट्रॉनिक कळ उघडी राहण्यासाठी ठरावीक किमान प्रवाह सतत वाहावा लागतो. एलईडीची दोरी लाटेच्या फक्त मधल्या भागात प्रवाह घेते, कडांना घेतच नाही. त्यामुळे कळ अवेळी मिटते, दिवा फडफडतो, बटण अर्धे फिरवले तरी काही होत नाही आणि मग एकदम विझतो. प्लगजवळच्या डबीत लाट गुळगुळीत करणारा कपॅसिटर असेल तर तुटक लाटेबरोबर प्रवाहाचे जोरदार झटके बसतात. डबीतून बारीक गुणगुण ऐकू येते ती त्याचीच. ज्या दोरीच्या खोक्यावर 'डिमेबल' असे छापले आहे तिला तिच्याच उत्पादकाने सांगितलेला डिमर लावावा. एरवी २३० व्होल्टच्या एलईडी दोरीला कुठलाही डिमर लावू नये, या निष्कर्षावर मी आलो आहे.

सुरक्षित वाट

घरात मंद करण्याजोगी रोषणाई हवी असेल तर विकत घेतानाच १२ किंवा २४ व्होल्टची पट्टी घ्यावी. इथे मंद करण्याचे काम अडॅप्टरनंतर होते, कमी दाबाच्या बाजूला. डिमर पट्टीला सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतो. पाव वेळ चालू ठेवली तर पाव उजेड. पेटलेल्या प्रत्येक क्षणी एलईडीला त्याचा पूर्ण प्रवाह मिळतो, म्हणून तो फडफडत नाही. ही तिसरी रीत, वेळेची, आणि एलईडीच्या स्वभावाला ती जुळते. क्रम मात्र चुकवायचा नाही : भिंतीतला प्लग, मग अडॅप्टर, मग डिमर, मग पट्टी. साध्या अडॅप्टरच्या आधी, २३० च्या बाजूला डिमर लावला की अडॅप्टरच बिघडतो.

एक हिशेब करून पाहू. मीटरला १४.४ वॅटची पाच मीटर पट्टी म्हणजे ७२ वॅट. अडॅप्टर नेहमी त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच राबवावा, म्हणून ९० वॅटचा घ्यायचा. १२ व्होल्टवर ही पट्टी ६ अँपिअर घेते, २४ व्होल्टवर ३ अँपिअर. डिमरवर लिहिलेले अँपिअर त्याहून जास्त हवेत. प्रवाह निम्मा म्हणून शक्यतो २४ व्होल्टची पट्टी बरी. तारा कमी तापतात आणि पट्टीचे शेवटचे टोक फिके पडत नाही.

डोळ्याचाही एक हिशेब आहे. आपला डोळा उजेडाच्या प्रमाणात बघत नाही. मोजमापाने पाव उजेड केला तर डोळ्याला तो साधारण निम्मा वाटतो. दहा टक्क्यांवर आणला तरी एक तृतीयांश वाटतो. म्हणून डिमर घेताना तो अगदी तळापर्यंत न फडफडता उतरतो का, हे दुकानातच पाहावे. मोबाइलचा कॅमेरा पट्टीजवळ धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर लुकलुक आहे असे समजावे. आणखी एक : एलईडी मंद झाला तरी बल्बसारखा तांबूस होत नाही. समईचा रंग हवा असेल तर खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेली पट्टी निवडावी.

वीज वाचवण्यासाठी हा खटाटोप नाही, हेही सांगायला हवे. ७२ वॅटची पट्टी रोज पाच तास, दहा दिवस जळली तर ३.६ युनिट होतात. पाव उजेडावर ०.९. फरक तीन युनिटांहून कमी. खरा लाभ आहे तो डोळ्यांचा, झोपेचा आणि कमी तापणाऱ्या तारांचा.

आग कुठे लागते

१२ व्होल्ट म्हणजे शॉक लागत नाही, म्हणून धोका नाही, असा समज आहे. पण सैल जोडातून ६ अँपिअर वाहिले की तो जोड तापतो, आणि जोड असतो पडद्यामागे. पट्टीचे जोड झाळून घ्यावेत किंवा घट्ट क्लिपचे असावेत. तारा पिळून त्यावर टेप गुंडाळणे पुरेसे नाही.

घरातला एमसीबी आपल्याला वाचवील हा दुसरा समज. १६ अँपिअरचा एमसीबी ३६८० वॅटपर्यंत गप्प बसतो. तो भिंतीतल्या जाड तारेचे रक्षण करतो. माळेची केसासारखी बारीक तार त्याच्या कितीतरी आधी वितळेल. शॉकपासून वाचवायला आरसीसीबी लागतो, ३० मिलीअँपिअरचा. त्यावरचे टेस्टचे बटण दिवाळीआधी एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली नाही तर तो निकामी आहे.

दोरी गुंडाळलेल्या स्थितीत कधीही पेटवू नये. उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. उजेड मंद व्हावा म्हणून तिच्यावर कापड, कागद किंवा झिरमिळ्या घालू नयेत, कारण तिथे उष्णता कोंडते. दोरी कापायची तर खुणेच्या रेघेवरच, आणि प्लग काढून. कापलेल्या टोकावर झाकण बसवलेच पाहिजे, कारण २३० च्या दोरीचे उघडे टोक जिवंत असते. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने माळा माळ्यावर दमट हवेत पडून असतात. प्लगच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर आलेल्या कितीतरी माळा मी शेजाऱ्यांकडे पाहिल्या. तो तांब्याचा गंज. अशा पिना नीट टेकत नाहीत आणि प्लग तापतो. पहिल्या संध्याकाळी अर्ध्या तासाने माळ बंद करावी, प्लग काढावा आणि मग तो, डबी आणि अडॅप्टर यांना हात लावून पाहावा. कोमट चालेल, चटका नको.

जुनी दोरी असेल तर

घरात २३० ची एलईडी दोरी आधीच आहे, ती टाकून द्यायची का? गरज नाही. तिला डिमर न लावताही उजेड कमी करता येतो. दोरीचे तोंड खोलीकडे न ठेवता भिंतीकडे किंवा छताकडे फिरवावे. परतून येणारा उजेड मऊ असतो आणि डोळ्यात घुसत नाही. एका लांब दोरीऐवजी दोन लहान दोऱ्या वेगळ्या बटणांवर घ्याव्यात; पाहुणे असताना दोन्ही, एरवी एक. समईत वाती कमी करण्याचीच ही पद्धत. साधा टायमर लावला तर रात्री अकराला ती आपोआप विझेल. बाल्कनीतली माळ खाली तोंड करून लावली तर समोरच्या घरातली झोप मोडत नाही.

नवीन घेताना खोके उलटून पाहावे. एलईडीच्या माळा आणि एलईडीसाठीचे डिमर ही दोन्ही भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात. खोक्यावर ब्यूरोच्या खुणेबरोबर इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असला पाहिजे. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. हा क्रमांक नसलेली माळ निम्म्या किमतीत मिळाली तरी घेऊ नये. तिच्या आत किती बारीक तार आहे हे आपल्याला दिसत नाही.

दुकानदाराला विचारायचे प्रश्न शेवटी तीनच उरतात. ही किती व्होल्टची? मीटरला किती वॅट? हिचा डिमर कोणता? तिन्हींची उत्तरे खोक्यावर छापलेली असतील तर रोषणाई आपल्या हातात आहे. नसतील तर घरी समई आहेच. तिची वात खाली घ्यायला रेग्युलेटर लागत नाही.